पाना कुठवर चालवायचा

घरातलं सर्वांत दुर्लक्षित कपाट म्हणजे सिंकखालचं. भांड्यांची पावडर, फिनेलची बाटली, झिजलेल्या घासण्या, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून कोंबलेल्या पिशव्या आणि या सगळ्यामागे, अंधारात, भिंतीतून आलेली पाण्याची नळी नि भिंतीत गेलेला वेस्ट पाइप. कपाटाचं दार फुगून लागेनासं झालं की मगच कुणीतरी खाली बसून आत डोकं घालतं. तोवर गळती जुनी झालेली असते, तळाच्या प्लायचे पापुद्रे सुटायला लागलेले असतात आणि प्लंबरचं काम सुताराकडे गेलेलं असतं.

स्वयंपाकघराची गंमत अशी, की आठ बाय आठच्या खोलीत पाणी, वीज, गॅस आणि लाकूड एकमेकांना चिकटून नांदतात. त्यामुळे ‘घरच्या घरी दुरुस्ती’ या विषयावर सरसकट सल्ला देणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मी एकच कसोटी लावतो: काम चुकलं तर काय होईल? नळाचं काम चुकलं तर लादी पुसावी लागते. बिजागरीचं चुकलं तर दार तिरकं बसतं. भिंतीतलं भोक चुकलं तर टाइल जाते, कदाचित आतला पाइपही. वीज आणि गॅस मात्र चूक सुधारायची संधी देतीलच असं नाही. म्हणून पाण्याच्या कामात मनसोक्त हात घालावा, लाकडाच्याही घालावा, भिंतीला जपून हात लावावा, विजेकडे फक्त लक्ष ठेवावं आणि गॅसच्या बाबतीत साबणाच्या फेसापलीकडे जाऊ नये.

पाण्याच्या कामात पाना हातात घेण्याआधी पाणी बंद कुठे होतं ते शोधावं लागतं. नव्या घरात सिंकखाली अँगल कॉक असतो. ओट्यावर बसवलेल्या नळाला तिथूनच नळी जाते. भिंतीतून थेट बाहेर आलेल्या नळाला असा वेगळा कॉक बहुधा नसतोच. त्याचं पाणी स्वयंपाकघराच्या वरच्या कोपऱ्यातल्या कन्सील्ड कॉकला बंद होतं, नाहीतर गच्चीवरच्या टाकीखाली. जुन्या इमारतींत त्या टाकीखाली एकसारखे दहा-बारा व्हॉल्व्ह रांगेत उभे असतात आणि कुणाचा कुठला हे फक्त वॉचमनला ठाऊक असतं. एखाद्या निवांत सकाळी वर जाऊन आपला व्हॉल्व्ह हुडकावा, त्यावर ऑइल पेंटनं फ्लॅटचा नंबर घालावा. पाइप फुटलेला असताना हे शोधकार्य करायला लागू नये. सिंकखालचा अँगल कॉकही दोन-तीन महिन्यांतून एकदा बंद करून पुन्हा उघडावा. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात क्षार बसून तो असा घट्ट होतो, की गरजेच्या दिवशी फिरवायला जावं तर मूठच हातात येते.

आता नळ. बंद केलेल्या नळातून सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला 86,400 थेंब होतात. साधारण चार हजार थेंबांचा एक लिटर धरला तर वीस लिटरच्या वर, म्हणजे मोठी बादली भरते. इतकं पाणी घालवणारी वस्तू असते एक छोटा रबरी वायसर. पण आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघावं. बंद नळाच्या तोंडातून थेंब पडत असतील तर वायसर झिजलेला आहे. नळ चालू असताना मुठीच्या खालून पाणी झिरपत असेल तर स्पिंडलभोवतीची पॅकिंग किंवा ओ-रिंग गेलेली आहे. फिरत्या मानेच्या सिंक नळाला मानेच्या बुंध्यातून पाणी येत असेल तर तिथली ओ-रिंग बदलायची, बाकीच्या नळाला हात लावायचं कारण नाही. या तीन तक्रारींपायी चांगले पितळी नळ भंगारात जातात.

वायसर बदलायचं काम असं. पाणी बंद करून नळ उघडा ठेवावा, म्हणजे पाइपातलं उरलेलं पाणी निघून जातं. सिंकच्या जाळीवर फडकं अंथरावं; नळाच्या मुठीचा बारका स्क्रू जाळीतून आत गेला तर नळाऐवजी ड्रेनेजचं काम निघतं. मुठीवरची लाल-निळी टिकली नखानं किंवा पातळ स्क्रू ड्रायव्हरनं उचकटली की खाली स्क्रू दिसतो. मूठ काढावी, पान्याच्या जबड्याला फडकं गुंडाळावं (क्रोमवर ओरखडे उठले की ते जन्माचे राहतात) आणि वरचा सहा कोनांचा भाग सोडवावा. स्पिंडल बाहेर येतं, त्याच्या टोकाला वायसर असतो: मध्ये गोल खाच पडलेला, कडेनं चिरलेला. नवा बसवण्याआधी नळाच्या आत करंगळी घालून ज्या कड्यावर वायसर टेकतो ते कडं चाचपावं. ते गुळगुळीत लागलं तर ठीक. खरखरीत, खाच पडलेलं लागलं तर नवा वायसर पंधरा दिवसांत तसाच चिरणार. मग मात्र नळ बदललेला बरा.

अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळांत वायसर नसतोच. तिथे सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या चकत्या सहसा झिजत नाहीत, वाळूचा कण अडकून खरवडल्या जातात. टाकी धुतल्यानंतर हटकून नळ गळायला लागतात ते यामुळेच. इथे अख्खं कार्ट्रिज बदलतात आणि ते घ्यायला जाताना जुनं खिशात घालून जावं. वरच्या दातांची संख्या, उंची, डावीकडे उघडतं की उजवीकडे, यांत कंपनीगणिक फरक असतो आणि दुकानदाराला तोंडी वर्णन करून काहीही साधत नाही.

दुकानात गेल्यावर आणखी एक गोंधळ होतो. नळाचे आटे फूटपट्टीनं मोजले तर बाहेरून जवळजवळ 21 मिलिमीटर भरतात आणि दुकानदार त्याला अर्धा इंची म्हणतो. तो बरोबर असतो. हे माप पूर्वीच्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे. आट्यांवर पूर्वी सूत गुंडाळून सफेदा लावत, आता टेफ्लॉन टेप. टेफ्लॉन हा पदार्थ 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला फ्रिजमध्ये वापरायच्या वायूंवर काम करताना अचानक हाती लागला. त्याला काही चिकटत नाही, तो स्वतःही कशाला चिकटत नाही. मग तो गळती कशी थांबवतो? निसरडेपणामुळे आटे एरवीपेक्षा थोडे जास्त घट्ट फिरतात आणि उरलेल्या फटीत टेप दाबली जाते. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं सात-आठ वेढे ताणून द्यावेत. उलटे दिले तर नळ फिरवताना टेप गोळा होऊन बाहेर येते.

ही टेप दिसेल तिथे गुंडाळायची खोड मात्र बरी नव्हे. कनेक्शन पाइपाच्या नटात, वेस्ट कपलिंगच्या नटात आत रबरी वायसर असतो आणि पाणी तो अडवतो. तिथे आट्यांवर टेप लावून काही होत नाही. वायसर वाकडा बसलाय का, त्याखाली कचरा आहे का, ते बघावं. प्लास्टिकचे नट हातानंच आवळावेत. भिंतीतून आलेल्या पाइपावर नळ बसवताना तर फारच सांभाळावं. हल्ली भिंतीतले पाइप सीपीव्हीसीचे असतात, टोकाला पितळी आट्यांचा एल्बो असतो. लांब दांड्याचा पाना लावून जोर केला की तो एल्बो आत तडकतो, बाहेर काही दिसत नाही आणि चार दिवसांनी मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. नळ सरळ उभा राहायला अर्धा फेरा कमी पडत असेल तर जोर लावू नये, काढून टेपचे वेढे वाढवावेत.

सिंकखालची ओल कुठून येते हे ओळखणं हे खरं तर गुप्तहेराचं काम, आणि प्लंबरला ज्याचे पैसे द्यायचे ते याचेच. कपाट रिकामं करावं, सगळे सांधे कोरडे पुसावेत आणि तळाला जुना वर्तमानपत्राचा कागद अंथरावा. सिंकला जाळीचं बूच लावून ते पाण्यानं भरावं आणि त्यात चिमूटभर हळद ढवळावी. पाच-दहा मिनिटं नुसतं उभं ठेवावं. कागदावर पिवळा थेंब पडला तर कपलिंग आणि सिंकच्या मधला सांधा गळतोय. कागद कोरडा राहिला तर बूच काढून सगळं पाणी एकदम सोडावं. आता पिवळा डाग पडला तर दोष खालच्या पाइपात. दोन्ही वेळा कागद कोरडा, पण नळ चालू केल्यावर स्वच्छ पाण्याचा डाग पडतो, तर दोष कनेक्शन पाइपात. आणि तिन्ही वेळा कागद कोरडाच राहिला, तर ओट्यावर ओलं फडकं फिरवून थोडं पाणी सिंकच्या कडेला साचू द्यावं. बहुतेक घरांत चोर इथे सापडतो. (सिंकमध्ये साबण राहिलेला असेल तर डाग पिवळ्याऐवजी लालसर पडतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच गुण.)

सिंकच्या कडेच्या फटीकडे येण्याआधी वेस्ट पाइपाबद्दल थोडं. स्प्रिंगसारखा वळ्यावळ्यांचा तो पांढरा पाइप कित्येक घरांत सरळ भिंतीतल्या भोकात खुपसलेला असतो. रात्री दिवा लावला की ओट्यावर झुरळं पळतात, ती या वाटेनं आलेली असतात. वासही तिथूनच. पाइपाला कुठेतरी वाक हवा आणि त्या वाकात दोनेक इंच पाणी कायम उभं राहायला हवं. ड्रेनेजमधली हवा आणि आपली हवा यांच्यामधली भिंत म्हणजे ते पाणी. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं 1775 साली शौचकूपासाठी असा इंग्रजी एसच्या आकाराचा वाक नोंदवून पेटंट घेतलं. नंतरच्या काळात पुष्कळ काही बदललं, पण ही युक्ती बदलावी लागली नाही. आज सिंकखाली बाटलीच्या आकाराचा ट्रॅप मिळतो, तो हेच करतो. तो नसेल तर वळ्यांच्या पाइपालाच झोक्यासारखा वाक देऊन केबल टायनं बांधावा आणि भिंतीतल्या भोकाभोवतीची फट एम-सीलनं बुजवावी. पाइप मोरीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये जात असेल तर तिथे पाणी आधीच उभं असतं. मग सिंकखाली दुसरा वाक द्यायची गरज नाही, उलट त्यामुळे पाणी गुडगुडत हळू उतरतं.

हे उभं पाणी उन्हाळ्यात सुकतं. मे महिन्यात महिनाभर गावाला जाऊन आलेल्या घरात कुलूप उघडताच जो वास येतो तो याचा. जाताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि त्यावर चमचाभर गोडं तेल टाकलं की तेलाचा थर बाष्पीभवन पुष्कळ अडवतो. ही फक्त वासाची गोष्ट नाही. 2003 साली हाँगकाँगमधल्या अमॉय गार्डन्स या गृहसंकुलात सार्सची लागण 300हून जास्त रहिवाशांना झाली. न्हाणीघरांतले सुकलेले ट्रॅप आणि त्यांतून आत आलेली ड्रेनेजची हवा हे त्याचं एक मुख्य कारण असावं, असं तपासात पुढे आलं.

तुंबलेल्या सिंकवर बेकिंग सोडा आणि व्हिनेगर ओतायचा उपाय लोकप्रिय आहे. फेस छान येतो. पण एक आम्ल, दुसरा अल्क. दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ साधं पाणी. आपल्या पाइपात अडकतं ते तूप, तेल, चहाचा चोथा आणि नारळाच्या शेंड्या. खोबरेल तेल 24 अंशांखाली थिजतं, वनस्पती तूप तर एरवीही घट्टच, त्यामुळे थंडीत पाइप तुंबायचं प्रमाण वाढतं. आधी रबरी पंप वापरावा, आणि सिंकला वरच्या कडेशी जास्तीचं पाणी जायचं भोक असेल तर ते ओल्या फडक्यानं दाबून धरावं. नाहीतर सगळा दाब तिथून निघून जातो. त्यानं झालं नाही तर खाली बादली ठेवून ट्रॅपची वाटी उघडावी. काम घाणेरडं आहे, पण खात्रीचं आहे. कॉस्टिक सोडा तुपाचा साबण करतो हे खरं, पण तो पाण्यात पडला की प्रचंड तापतो. साचलेल्या पाण्यावर तो ओतून वर वाकून बघणं म्हणजे डोळ्यांशी खेळ. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीच तर एका सिंकमध्ये कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यांतून क्लोरीन वायू निघतो.

आता ती कडेची फट. ओटा आणि भिंतीची टाइल यांच्या कोपऱ्यात गवंडी पांढरं सिमेंट भरून देतो. दोन पावसाळ्यांत त्याला केसासारखी चीर पडते, मग ती काळी होते आणि दरवर्षी आपण पुन्हा पांढरं सिमेंट भरतो. दोष गवंड्याचा नाही, जागेचा आहे. ओटा आणि भिंत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शेगडीच्या उष्णतेनं, कुकरच्या वजनानं, खलबत्त्याच्या ठोक्यांनी ओटा तसूभर हलतो, भिंत हलत नाही. ताठ सिमेंट तडकणारच. तिथे रबरासारखं ताणलं जाणारं सिलिकॉन सीलंट हवं.

आणि इथे एक बारकावा आहे, जो दुकानात कुणी सांगत नाही. सिलिकॉन दोन प्रकारचं मिळतं. स्वस्तातलं बहुधा सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास सोडतं, कारण त्यातून खरोखरच ॲसिटिक ॲसिड बाहेर पडतं. काचेला, सिरॅमिक टाइलला ते चालतं. पण जुन्या घरांतला ओटा कडप्प्याचा असतो, आणि कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. आम्ल लागलं की त्याची चकाकी जाते. लिंबाची फोड रात्रभर पडून राहिली तर कडप्प्यावर उमटणारा पांढुरका डाग हा त्याचाच पुरावा. संगमरवराचंही तेच. ग्रॅनाइट लिंबाला भीक घालत नाही, तरी नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं सिलिकॉन मागितलं की दगड कुठलाही असो, चिंता मिटते.

भरताना घाई करू नये. जुनं सिमेंट हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं पूर्ण खरवडावं. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, त्यामुळे तेही मुळापासून काढावं. मग फट एक रात्र कोरडी पडू द्यावी. हीच पायरी सगळे गाळतात, कारण सकाळच्या चहाला ओटा लागतो. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी, नळीचं टोक तिरकं कापावं आणि गन एका दमात, न थांबता ओढत न्यावी. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवावं. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह होतो आणि तिथेच रेघ बिघडते. वर साय धरायच्या आत टेप काढावी. सिलिकॉन दिवसाला दोन-तीन मिलिमीटर खोल सुकतं, म्हणून निदान चोवीस तास पाणी लागू देऊ नये. सिंकच्या कडेलाही हाच उपचार.

लाकडाचं काम त्या मानानं सोपं. ट्रॉल्यांच्या कपाटाचं दार तिरकं झालं, शेजारच्या दाराला घासायला लागलं, म्हणजे बिजागरी खराब झाली असं नाही. आतून दिसणाऱ्या, 35 मिलिमीटरच्या गोल वाटीच्या ऑटो हिंजला जुळवणीचे स्क्रू असतात. एकानं दार डावी-उजवीकडे सरकतं, दुसऱ्यानं आत-बाहेर. वर-खाली करायचं असेल तर कपाटाच्या भिंतीवरच्या पट्टीचे स्क्रू सैल करून दार उचलायचं. एका वेळी पाव फेरा फिरवावा आणि दार लावून बघावं. स्क्रूच भोकात गरगर फिरत असेल तर उदबत्तीची जळून उरलेली बांबूची काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकावी, दोन-तीन मावल्या तर उत्तम. बाहेर उरलेली टोकं कापून रात्रभर सुकू द्यावं, सकाळी स्क्रू पुन्हा पिळावा. पार्टिकल बोर्ड पाणी पिऊन फुगलेला असेल तर मात्र हा उपाय टिकत नाही. फुगलेला बोर्ड पूर्ववत होत नाही, तो बदलावाच लागतो. नवं कपाट करून घेताना सुताराच्या मागे उभं राहून एकच गोष्ट बघावी: पाइपासाठी पाडलेल्या भोकाच्या उघड्या कडा. सनमाइकानं वरचं अंग झाकलेलं असतं, पण ती कापलेली कड तशीच कोरी सोडतात आणि प्लाय तिथूनच पाणी पितो. ऑइल पेंटचे दोन हात तिथे आपण स्वतः मारावेत.

भिंतीला भोक पाडायचं म्हणजे आत काय आहे याचा अंदाज हवा. नळाच्या आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नये. पाइप आणि वायरी बहुधा त्याच उभ्या रेषेत आलेल्या असतात. स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामध्ये चार इंची भिंत असेल तर पलीकडच्या शॉवरचे पाइपही हिशेबात धरावेत. टाइलवर नाणं ठोकून बघावं. भरीव आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे आणि टाइल तडकण्याचा संभव दाट. खुणेवर मास्किंग टेपची फुली मारली की ड्रिलचं टोक घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद आणि वेग कमी. वीट लागली की हॅमर चालू. व्हिट्रिफाइड टाइल असेल तर साधं बिट नुसतं तापतं, हिऱ्याच्या धारेचं बिट लागतं.

स्क्रूची लांबी हा खरा मुद्दा. टाइल आठ-दहा मिलिमीटर, मागचा मसाला आणि गिलावा मिळून आणखी पंधरा-वीस. म्हणजे पहिल्या 30 मिलिमीटरमध्ये वजन पेलणारं काहीच नाही. गुट्टी पूर्ण विटेत बसली पाहिजे, म्हणजे दोन इंचांचा स्क्रू किमान, मांडणीसाठी अडीच इंची. पूर्वी सुतार लाकडाची खुंटी भिंतीत ठोकत. आज वापरतो ती फाकणारी प्लास्टिकची गुट्टी जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी 1958 साली काढली. ती स्क्रू आत जाताना फुगून विटेला धरते. हल्लीच्या इमारतींतल्या हलक्या राखाडी एएसी ब्लॉकमध्ये ही साधी गुट्टी नीट धरत नाही. आतला ब्लॉक भुगा होऊन सुटतो. त्यासाठी वेगळी, रुंद पंखांची गुट्टी मागावी. डबे-ताटांनी भरलेली स्टीलची मांडणी किती जड होते, हे ती खाली आल्यावर कळण्यात अर्थ नाही.

विजेबद्दल थोडक्यात. बोर्ड उघडू नये. पण हिशेब करता यावा: 2000 वॉटची इंडक्शन शेगडी 230 व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपियर ओढते, आणि ओट्यावरचा लहान सॉकेट 6 अँपियरचा असतो. मोठी पिन छोट्या सॉकेटला जोडणारा ॲडॉप्टर हा हिशेब बदलत नाही, फक्त लपवतो. सॉकेटभोवती तपकिरी झाक आली असेल, प्लग हाताला गरम लागत असेल, तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवावा. मेन बोर्डवर 30 मिलिअँपियरचं आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं यंत्र) असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबावं. वीज खटकन गेली तर ते जिवंत आहे. आणि मिक्सर मध्येच बंद पडला तर दुरुस्तीच्या दुकानात न्यायच्या आधी तो थंड होऊ द्यावा, प्लग काढून उलटा करावा. बुडाशी बहुतेक मिक्सरना लाल बटण असतं. ओल्या डाळीचं वाटण घट्ट झालं की ते उडतं. दाबलं की मिक्सर चालू. एवढ्यासाठी दुकानदाराला पैसे मोजणारी माणसं पाहिली आहेत.

राहिला गॅस. बर्नर धुऊन, भोकं टाचणीनं मोकळी करून, पूर्ण वाळवून परत बसवावेत. ज्योत पिवळी पडून भांड्यांची बुडं काळी होत असतील तर निम्म्या वेळा एवढ्यानं भागतं. त्या खालच्या पितळी जेटमध्ये मात्र टाचणी घालू नये. त्याचं भोक ठरावीक मापाचं असतं, किंचित मोठं झालं तरी हवेचं नि गॅसचं प्रमाण बिघडतं. सिलिंडरची शेगडी पाइप गॅसवर तशीच चालत नाही तीही जेटमुळेच. पाइप गॅसला मोठ्या भोकाचे जेट लागतात आणि ते कंपनीचा माणूसच बदलून देतो. नारिंगी सुरक्षा ट्यूबवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी ती बदलायची. ग्रॅनाइटमधल्या भोकातून ट्यूब खाली नेली असेल तर त्या भोकाची कड हातानं चाचपून बघावी. दगडाची धार रबर हळूहळू कापते. गळतीची शंका आली तर सांध्यांवर साबणाचा फेस लावावा, बुडबुडे फुगले की गळती. काडी ओढून बघायची जुनी पद्धत अजूनही काही घरांत चालते, ती ताबडतोब बंद व्हावी.

मुंबई-पुण्यात पुष्कळ घरं सिलिंडरवरून पाइप गॅसवर गेली आहेत, आणि कपाटं तशीच राहिली आहेत. इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तो खाली, ट्रॉलीच्या तळाशी, सिंकखालच्या कपाटात साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी झरोका हवा. पाइपातला गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. त्याला वाट वरून हवी: उघडी खिडकी, एक्झॉस्टचं मोकळं भोक. वास आलाच तर रेग्युलेटर किंवा पाइपावरचा कॉक बंद करावा, खिडक्या उघडाव्यात. दिवा लावू नये आणि लागलेला बंदही करू नये. दोन्ही वेळा स्विचमध्ये ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅनही नको. फोन घराबाहेर जाऊन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906 हा नंबर चोवीस तास चालू असतो. पाइप गॅसचा तातडीचा नंबर बिलावर छापलेला असतो, तो कापून मीटरशेजारी चिकटवावा.